आतल्या लेकीची पाठवणी

माझ्या बायकोच्या छातीबद्दल मला चारचौघांत बोलावं लागेल, असं तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा न देता घालवून दिलं असतं. माझी उभी हयात महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेली. व्हॉल्व्ह, गळती, दाब यांवर मी न थांबता बोलू शकतो. पण मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी समोर बसवून, "मगदूमसाहेब, मिसेसचं इम्प्लांट कोणत्या बाजूला आहे?" असं विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नुसता हात हलवला. तोही चुकीचा.

"डावीकडं," त्रिशला म्हणाली. "त्यांना समोरून उजवीकडं दिसतं, म्हणून गोंधळ होतो त्यांचा."

डॉक्टर हसल्या. आमची श्रुतिका तर तोंडावर फाईल धरून हसली. मी पंख्याकडं बघत बसलो.

त्रिशला पोहायला शिकवते. सांगलीच्या तलावावर सकाळची बायकांची बॅच तिची. गुडघे धरले म्हणून आलेल्या सासवांपासून लग्न ठरलेल्या पोरींपर्यंत सगळ्या तिला मॅडम म्हणतात आणि तिच्या शिट्टीला टरकून असतात. आम्ही जैन. घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या क्लोरीनच्या पाण्यात रोज किती जीव मरत असतील, यावरून मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "त्याचं पाप पाणीपुरवठ्याला."

शेहेचाळिसाव्या वर्षी तिला कॅन्सर झाला आणि डावा स्तन काढावा लागला. हा शब्द मला लिहिता येतो, बोलताना अजून जीभ अडते. त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. नातेवाइकांत कुजबुज झाली की या वयात कशाला ही हौस. त्रिशलानं एका आत्याला तोंडावर सांगितलं, "मी काठावर उभी राहिले की बायकांनी माझे हात बघायला पाहिजेत. एका बाजूनं सपाट दिसले तर सगळ्या तेच बघत बसतील, आणि एक बाई पोहायला शिकायची नाही. आणि दुसरं म्हणजे, मला पाहिजे." आत्या पुन्हा बोलल्या नाहीत. तीन महिन्यांत त्रिशला कॉश्च्युम घालून तलावावर हजर झाली.

बारा वर्षं सुखात गेली. मग गेल्या थंडीत पाण्यातून बाहेर आली की तिची बोटं खडूसारखी पांढरी पडायला लागली, आणि थोड्या वेळानं निळी. पुढं हाताची कातडी ताणल्यासारखी ताठ झाली. भाकरी थापता येईना. हसताना तोंड पूर्ण उघडेना, आणि ही बाई मोठ्यानं हसणारी. मग एका सकाळी तलावावर तिची शिट्टीच वाजली नाही. फुंकायला श्वास पुरला नाही. ती घरी आली आणि समोरचा चहा तिनं थंड होऊ दिला. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. आपलं रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच अंगावर उलटते, कातडी आणि आतले अवयव ताठ करत जाते. फुप्फुसांना सुरुवात झाली होती.

श्रुतिका आमची एकुलती एक, लग्न होऊन जवळच राहते. सांगलीच्या कोर्टात वकील आहे आणि घरी न्यायाधीश. तिनं दोन दिवस वाचन केलं आणि निकाल देऊन टाकला. "सिलिकॉन! आई, ती पिशवी पहिली काढून टाक."

"पुरावा?" त्रिशलानं विचारलं.

त्या पुराव्यासाठीच आम्ही मिरजेला आलो होतो.

"या भांडणाला खूप वर्षं झाली," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "पिशवी कितीही चांगली असली तरी आतल्या जेलचे अगदी बारीक कण हळूहळू बाहेर झिरपतात. शरीर पिशवीभोवती एक भिंत बांधतं. तिथल्या पहारेकरी पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. मग काहींच्या शरीरात त्या पेशी कायम अस्वस्थ राहतात. आजवरच्या काही अभ्यासांत अशा बायकांना संधिवात, कातडीचे आजार थोडे जास्त दिसले. काहींत काहीच फरक दिसला नाही."

"म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय," श्रुतिका म्हणाली.

"कुणीच नाही. सगळे हजारो बायकांची सरासरी काढत होते. बहुतेकींना काही होत नाही. ज्या थोड्या जणींना होत असेल, त्या सरासरीत बुडून जातात. आता आपल्याला सरासरीला विचारावं लागत नाही. थेट तुमच्या आईच्या पेशींना विचारता येतं."

विचारायचं यंत्र कपाटाएवढं होतं. दवाखान्यात सगळे त्याला 'परेड' म्हणत, कारण पोलीस ठाण्यात ओळखपरेड होते तसंच त्याचं काम. काचेच्या पट्टीवर हजारो बारीक खळगे. प्रत्येकात एक संशयित उभा करायचा. कुठं सिलिकॉनचा कण, कुठं कॅन्सरच्या जुन्या औषधाचा अंश, कुठं जंतूचा तुकडा, कुठं तिच्याच कातडीतलं प्रथिन. मग तिच्या रक्तातल्या लढाऊ पेशी सगळ्या खळग्यांत सोडायच्या. ज्याला बघून त्या चवताळतात आणि भराभर वाढायला लागतात, तो गुन्हेगार. कॅमेरा आठवडाभर नजर ठेवून असतो.

ओळखपरेडीत काही निरपराध माणसंही उभी करावी लागतात. त्यासाठी रक्ताच्या नात्यातल्या निरोगी माणसाच्या पेशी हव्या होत्या. मी तयारीनं बाही वर केली.

"तुम्ही नाही चालणार, काका," नर्स म्हणाली. "रक्ताचं नातं लागतं."

पस्तीस वर्षं संसार करून हे ऐकायला मिळालं. मी बाही खाली केली. श्रुतिकानं हात पुढं केला आणि मला डोळा मारला.

आठवड्यानं आम्हाला पुन्हा बोलावलं. डॉक्टर मुजावरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. सिलिकॉनच्या खळग्यांत त्रिशलाच्या पेशी जाग्या झालेल्या दिसत होत्या, पण चवताळलेल्या नव्हत्या. दुसऱ्या एका कोपऱ्यात मात्र नुसता लाल रंग पेटला होता.

"हा कोण?" श्रुतिकानं विचारलं.

"तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या.

श्रुतिका खुर्चीतून उठलीच. "नमुन्यांची सरमिसळ झालीय तुमच्याकडं. असल्या निष्काळजीपणाला मी नोटीस देईन, सांगून ठेवते."

"बसा. मलाही आधी तेच वाटलं, म्हणून पुन्हा करून बघितलं. परक्या पेशींवर थोडं गुरगुरणं नेहमीचं असतं. हे तसलं नाही. आईच्या पेशी तुम्हाला आधीपासून ओळखत असल्यासारख्या तुटून पडल्या. मग मी त्यांच्या ताठ झालेल्या कातडीचा तुकडा तपासला." त्यांनी श्रुतिकाकडं बघितलं. "त्यात तुमच्या पेशी सापडल्या, श्रुतिका. जिवंत."



डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या काही पेशी नाळेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्माला येतं, पण त्या तिथंच राहतात. हाडांच्या मगजात, कातडीत, यकृतात घर करतात आणि दहा-वीस-तीस वर्षं नांदतात. अगदी थोड्या, लाखात एखादी. बहुतेक आयांना त्यांचा पत्ताही लागत नाही.

"मग माझ्या बाबतीतच असं का?" त्रिशलानं विचारलं.

"सिलिकॉन गुन्हेगार नाही, पण तुमच्या बाबतीत ते निर्दोषही नाही. ती एक घंटा आहे, बारा वर्षं सारखी वाजत असलेली. त्यामुळे पहारेकरी झोपलेच नाहीत. इतकी वर्षं जागा असलेला पहारेकरी शेवटी घरातल्याच माणसावर संशय घेतो. श्रुतिकाच्या पेशी निम्म्या तुमच्यासारख्या आणि निम्म्या वडिलांसारख्या. तो निम्मा चेहरा त्यांना परका वाटला."

"म्हणजे राग माझ्या वाट्याचा आहे," मी म्हणालो.

"ते नवीन नाही," त्रिशला म्हणाली. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आपल्या ताठ झालेल्या उजव्या हाताकडं बघत होती, आणि डाव्या हातानं तो हळूच चोळत होती. लहानपणी श्रुतिकाला ताप आला की ती असंच तिचं कपाळ चोळायची.

मार्ग दोन होते. इम्प्लांट काढून घंटा बंद करायची, हा एक. पण नंतर सगळं शांत व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, काहींचं होतच नाही. एकदा लक्षात राहिलेला चेहरा पेशी सहजासहजी विसरत नाहीत. शिवाय ताठ कातडीवरची जखम लवकर भरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एक नवं औषध. ते श्रुतिकाच्या पेशींवरची खूण ओळखून नेमक्या तेवढ्याच पेशी मारतं. भांडायला समोर कुणी उरलं नाही की भांडण थांबतं. मग कातडी मऊ झाली की पिशवी काढायची आणि पोटाच्या चरबीतून नवा स्तन घडवायचा.

"फुप्फुसं बघता मला औषधच आधी द्यावंसं वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण निर्णय तुमचा."

"पिशवी काढा," त्रिशला म्हणाली.

"आई!"

"ती अजीव आहे. तिला काढली काय, ठेवली काय, काही वाटायचं नाही. पोटच्या पोरीवर मी औषध घालून घेणार नाही." आणि ती पिशवी उचलून, म्हणजे आपली हातातली पिशवी, दाराकडं चालायला लागली.

घरी येताना बसमध्ये कुणी बोललं नाही. हल्लीच्या या बसला ड्रायव्हर नसतो, नाहीतर मी त्याच्याशी तरी बोललो असतो. घरी आल्यावर मला वाटलं, आपण समजूतदार नवऱ्यासारखं काहीतरी म्हणायला हवं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्रिशला, ते असलं काय, नसलं काय, मला काही फरक पडत नाही, बरं का."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमच्यासाठी कधी होतं ते?"

एवढ्या गंभीर दिवशीही श्रुतिकाला हसू आवरलं नाही. पण ते हसू टिकलं नाही. ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

"हे बघ. मी ही अशी समोर आहे, धडधाकट, पासष्ट किलोची. आत आहे ती मी नव्हे. चुकून मागं राहिलेल्या चार पेशी आहेत."

"तू पण सुरुवातीला तेवढीच होतीस," त्रिशला म्हणाली.

"तुझी फुप्फुसं गेली तर त्यांचं काय होणार? तू गेलीस की त्या पण गेल्याच. म्हणजे त्यांना वाचवून तू वाचवणार कुणाला?"

"मग जाऊ बरोबर."

श्रुतिका पांढरीफटक पडली. "आणि मी? बाहेरची मी कुणाची मग?" एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, हळू लावून घेतलं. ते मला जास्त लागलं.

मी त्रिशलाशेजारी बसलो. पाण्याच्या दाबाबद्दल बोलायची सवय असलेला माणूस मी. तरी बोललो. म्हणालो, "मला तू पाहिजेस. सकाळी ओल्या केसांनी घरात येणारी, मला आळशी म्हणणारी. तुझ्याशिवाय हे घर मला चालवता यायचं नाही, आणि चालवायचंही नाही." असलं काही मी लग्नानंतर बोललो नव्हतो, लग्नाआधी बोलायची सोय नव्हती. तिनं माझा हात घट्ट धरायचा प्रयत्न केला. बोटं वळत नव्हती, म्हणून नुसता तळवा टेकवून ठेवला. पण निर्णय बदलला नाही.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. तलावावर ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवून शिकवायची. जिना चढताना मध्येच थांबायची आणि भिंतीवरच्या रंगाला नावं ठेवायची, म्हणजे दम लागलाय हे मला कळू नये. डॉक्टर मुजावरांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. ऑपरेशनची तारीख त्या देत नव्हत्या आणि औषधाला त्रिशला हो म्हणत नव्हती. श्रुतिका मला फोन करायची, आईशी बोलायची नाही.

मग भाद्रपदातलं दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस उपास, पूजा, प्रवचनं, आणि शेवटी क्षमावणी. त्या दिवशी आमच्यात प्रत्येकानं प्रत्येकाची क्षमा मागायची. थोरानं लहानाची, सासूनं सुनेची, मालकानं नोकराची. वर्षभरात कळत-नकळत ज्याला ज्याला दुखवलं असेल त्याच्यासमोर हात जोडायचे आणि 'उत्तम क्षमा' म्हणायचं. भांडण कितीही मोठं असलं तरी त्या दिवशी दार बंद ठेवत नाहीत.

सकाळी मंदिरातून आम्ही नुकते घरी आलो होतो, तेवढ्यात श्रुतिका आली. चक्क साडीत. कोर्टाच्या काळ्या कोटाखेरीज मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. तिनं आधी माझ्यासमोर हात जोडले, मग आईसमोर.

"उत्तम क्षमा, आई. मी तुला टाकून बोलले, इतके दिवस अबोला धरला."

"उत्तम क्षमा," त्रिशला म्हणाली. "माझंही चुकलं. बाहेरच्या लेकीला मी विसरले होते त्या दिवशी."

श्रुतिकानं हात खाली घेतले नाहीत. "आता दुसरी क्षमा. ही आतल्या माझ्याकडून. तीस वर्षं न विचारता राहिले. पोटात जागा दिलीस ती नऊ महिन्यांसाठी, मी सगळीकडं पसरले. तुझ्या हातांना त्रास दिला, श्वासाला त्रास दिला. जाणूनबुजून नाही केलं. क्षमा कर."



मग श्रुतिकानं पर्समधून नारळ काढला. खण काढला. तांदळाची पुडी काढली. सगळं आईसमोरच्या टेबलावर मांडलं.

"माझं लग्न रजिस्टर झालं. तू म्हणालीस, 'दहा मिनिटांवर तर राहणार, पाठवणी कसली करायची?' ओटी भरली नाहीस, रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या पोरींची स्पर्धा होती म्हणून सरळ कोल्हापूरला गेलीस. मग मी कशी जाणार, आई? रीतसर पाठवलंसच नाहीस. म्हणून अजून आतच बसलेय." तिनं पदर पुढं पसरला. "आता पाठव. मारू नको म्हणतेस ना, मग पाठव."

मी वकिलांचं बोलणं फारसं मनावर घेत नाही. पण त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड केलं.

त्रिशलानं त्या खणावरून तळवा फिरवला. मग तिनं विचारलं, "आतली ऐकेल का?"

"तुझीच आहे. ऐकून घेईल, मग आपल्या मनाचं करेल. पण सांगितल्याशिवाय जायला तिला अवघड वाटेल."

त्रिशला उठली. देवघरातून हळदी-कुंकू आणलं आणि लेकीच्या कपाळाला लावलं. तांदूळ ओंजळीत घ्यायला गेली, पण बोटं जुळेनात. दाणे फटींतून जमिनीवर सांडायला लागले. श्रुतिकानं पदर एका हातात धरला आणि दुसरा हात आईच्या ओंजळीखाली लावला. मी दुसऱ्या बाजूनं माझा लावला. असे तीन माणसांच्या हातांनी आम्ही तांदूळ भरले, खण ठेवला, नारळ ठेवला. लग्नात न रडलेली माझी बायको मग मोठ्यानं रडली. लेकीला मिठीत घेऊन, तिच्या पाठीवर तो ताठ तळवा पुन्हा पुन्हा फिरवत रडली. म्हणाली, "खूप दिवस राहिलीस गं. बरं वाटलं मला."

दुपारी तिनं स्वतः डॉक्टर मुजावरांना फोन केला आणि औषध घ्यायला तयार आहे असं सांगितलं.

ज्या दिवशी औषध द्यायचं होतं, त्या दिवशी आम्ही तिघं मिरजेला गेलो. खोलीत ऊन येत होतं. त्रिशलाच्या हातावर नेमकी शीर सापडायला वेळ लागला, कातडी ताठ ना. श्रुतिका तिच्या पायांशी खुर्ची ओढून बसली होती आणि फोनवर कुणालातरी पुढची तारीख मागत होती. एक नवीनच नर्स आली. सलाईनच्या बाटलीत तिनं औषध मिसळलं, नळी जोडली आणि तिच्यावरचं छोटं चाक फिरवलं. थेंब भराभर पडायला लागले.

त्रिशलानं वर बघितलं. "जरा सावकाश सोड गं," ती म्हणाली. "लेक आहे माझी."

नर्सला काही कळलं नाही. तिनं एकदा श्रुतिकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी मान हलवली. तिनं चाक थोडं मागं फिरवलं.